राडारोड्याचं राज्य

चंदीगढच्या नागरिकांसाठी शहराचा वास्तुविशारद ल कॉर्बुझिए याने एक जाहीरनामा लिहून ठेवला होता. शहर कसं राखावं, हिरवळ कुठे सोडावी, सेक्टर म्हणजे काय, याचे नियम त्यात आहेत. त्यातला एक नियम पुतळ्यांविषयीचा. या शहरात व्यक्तींचे पुतळे उभारायचे नाहीत, असं त्याने बजावलं होतं. आपल्याकडे चौक मोकळा दिसला की पुतळा समितीची बैठक बसते, त्यामुळे हा नियम वाचून जरा गंमतच वाटते.

त्याच शहराच्या सेक्टर १ मध्ये, कॉर्बुझिएच्या विधानभवन, सचिवालय आणि उच्च न्यायालयापासून हाकेच्या अंतरावर आज पुतळ्यांची फौज उभी आहे. राजे, राण्या, वाजंत्री, डोक्यावर घडे घेतलेल्या बायका, माकडं, अस्वलं, बदकं. एकालाही नाव नाही, कोणाखाली कोनशिला नाही. ही फौज उभी करणारा माणूस सरकारी नोकर होता. सरकारच्या जमिनीवर, सरकारला न विचारता, सरकारी कामातून उरलेल्या राडारोड्यातून त्याने ती उभी केली. सरकारला पत्ता लागेपर्यंत सुमारे दीड तप उलटून गेलं होतं.

हा माणूस म्हणजे नेकचंद सैनी. त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९२४ चा. गाव बेरियां कलां, तहसील शकरगढ, तेव्हाचा गुरुदासपूर जिल्हा. घर शेतकऱ्याचं. लहानपणी आईकडून राजाराण्यांच्या गोष्टी ऐकायच्या आणि ओढ्याकाठच्या मातीची माणसं-जनावरं करायची, असं ते पुढे मुलाखतींतून सांगत. १९४७ च्या फाळणीत रॅडक्लिफच्या रेषेने गुरुदासपूर जिल्ह्याचा बराचसा भाग भारतात ठेवला, शकरगढ मात्र पाकिस्तानात गेलं. सैनी कुटुंब घरदार सोडून अलीकडे आलं. काही वर्षांनी, १९५१ च्या सुमाराला, नेकचंद चंदीगढच्या बांधकामावर सार्वजनिक बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर म्हणून लागले.

या पदाकडे जरा नीट पाहायला हवं, कारण पुढची सगळी शिल्पकला तिथूनच आली. रोड इन्स्पेक्टर म्हणजे साहेब नव्हे आणि गवंडीही नव्हे. खडी किती ब्रास पडली, डांबराची पिंपं किती फुटली, रोलर कुठे अडला, बांधकामावर पाणी मारलं की नाही, हे बघणारा मधला माणूस. नकाशा वरून येतो, मजूर खालून येतात आणि दोघांच्या मध्ये हा सायकलवर उन्हातान्हात फिरत असतो. कोणत्या साइटवर काय उरलंय, काय फेकलं जाणार आहे, कोणता ट्रक रिकामा परत चाललाय, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. नेकचंदनी कोणत्याही कलाशाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. सिमेंटचा माल किती पातळ ठेवायचा, उतारावरचं पाणी कुठून काढायचं, मातीचा भराव भिंतीने कसा थोपवायचा, हे मात्र त्यांना रोजच्या हजेरीत शिकायला मिळालं.

आणि शहर तर नुसतं बांधलं जात नव्हतं, आधी पाडलंही जात होतं. लाहोर गेल्यावर भारतातल्या पंजाबला राजधानी हवी होती. पहिला आराखडा अमेरिकन नियोजक अल्बर्ट मेयर आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांचा. १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात गेले आणि काम कॉर्बुझिएकडे आलं. त्याच्या जोडीला पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू होते. सेक्टर ठरला ८०० मीटर बाय १२०० मीटरचा. ‘मोकळ्या माळावर उभं राहिलेलं शहर’ असं चंदीगढचं वर्णन नेहमी वाचायला मिळतं. तो माळ मोकळा नव्हताच. तिथे वीसहून जास्त गावं होती, त्यांच्या विहिरी होत्या, आंब्याच्या राया होत्या, चुली आणि रांजण होते. गावं उठली, घरं पडली. मागे राहिली फुटकी खापरं, कौलं, बांगड्यांचे तुकडे, मोडक्या सायकली. त्याच्या शेजारी नव्या बांधकामाचा कचरा साचत गेला. तडकलेली वॉशबेसिनं आणि संडासाची भांडी, चिनी मातीचे फ्यूज, फुटक्या फरशा, रिकामी डांबराची पिंपं, भट्टीत जास्त भाजून वितळलेल्या झामा विटा.

एका बाजूला उठवलेली गावं आणि दुसऱ्या बाजूला अजून न वसलेलं शहर. दोन्हींचा कचरा एकाच ढिगात पडत होता, आणि स्वतःचं गाव गमावून आलेला माणूस त्या ढिगाशेजारून रोज सायकलने जात होता.

१९५८ च्या आसपास नेकचंदनी वेचायला सुरुवात केली. आधी दगड. चंदीगढच्या दोन्ही अंगांनी शिवालिकच्या डोंगरातून पावसाळी ओढे उतरतात. त्यांना तिथे ‘चो’ म्हणतात. एका बाजूला सुखना, दुसऱ्या बाजूला पटियाली की राव, आणि थोडं लांब घग्गर. या पात्रांत पाण्याने झिजून चित्रविचित्र आकार घेतलेले दगड सापडतात. एखादा पाठमोऱ्या म्हातारीसारखा, एखादा मान वळवलेल्या पक्ष्यासारखा. नेकचंद ते सायकलच्या कॅरियरला बांधून आणत. ठेवायला जागा शोधली ती शहराच्या उत्तर टोकाची. तिथे सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात एक घळ होती आणि खात्याचं स्टोअरही जवळच होतं. तिथे बांधकामाला सक्त बंदी होती. राजधानीभोवतीचा पट्टा मोकळा राहावा म्हणून पंजाब सरकारने १९५२ मध्ये खास कायदाच केला होता. बांधकामाला बंदी म्हणजे माणसांची वर्दळ नाही, आणि नेकचंदना तेच सोयीचं होतं. त्यांनी तिथे एक झोपडी उभारली. दिवसा नोकरी, संध्याकाळनंतर हे काम. अंधार पडला की जुने टायर जाळून त्याच्या उजेडात हात चालायचे.

पहिली सात वर्षं त्यांनी मुख्यतः जमवाजमवच केली. प्रत्यक्ष राज्य उभं करायला हात घातला तो १९६५ च्या सुमाराला. त्यांच्या लेखी ते राज्यच होतं, या जागी फार पूर्वी नांदलेलं आणि पुन्हा वसवायचं असलेलं देवांचं, राजाराण्यांचं राज्य. आधी वेचलेले दगड नुसते उभे केले. त्यांना तासलं नाही, रंग दिला नाही, फक्त कोणाशेजारी कोण उभं राहील एवढं ठरवलं. मूर्ती घडवणं त्यानंतर आलं.

विसाव्या शतकातल्या कलेच्या इतिहासात सापडलेल्या वस्तूला मोठा मान आहे. मार्सेल द्युशांने १९१३ मध्ये सायकलचं चाक स्टुलावर उलटं बसवलं. पिकासोने १९४२ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. नेकचंदही सायकलच्या सीटची जनावरांची डोकी करत होते आणि तिच्याच चिमट्यांचे पाय. पण पिकासोचा बैल पाहताना सीट आणि हँडल एका नजरेत दिसतात, आणि त्या ओळखीतच त्याची सगळी गंमत आहे. नेकचंदच्या मूर्तींत सायकल बहुतेक वेळा सिमेंटखाली गडप होते. तिचं काम हाडांचं.

त्यांचे खरे गोत्रबंधू वेगळे. फ्रान्समधल्या ओतरिव्ह गावचा पोस्टमन फेर्दिनां शवाल टपाल वाटताना एका विचित्र दगडाला अडखळला आणि १८७९ पासून ३३ वर्षं दगड वेचून त्याने एकट्याने एक महाल बांधला. लॉस एंजलिसच्या वॉट्स वस्तीत सायमन रोडिया या फरशा बसवणाऱ्या इटालियन मजुराने १९२१ ते १९५४ या काळात लोखंडी सळया, सिमेंट, फुटक्या बश्या आणि बाटल्यांच्या काचांचे मनोरे उभे केले. पालिकेने ते धोकादायक ठरवून पाडायला काढले, तेव्हा १९५९ मध्ये त्यांच्यावर दहा हजार पौंडांचा ताण देऊन पाहिला गेला. मनोरे ढिम्म हलले नाहीत. पोस्टमन, फरशी बसवणारा, रोड इन्स्पेक्टर. तिघेही कलेबाहेरच्या कामातले, आणि रोडियाच्या तसाच नेकचंदच्या कामालाही शेवटी प्रश्न पडला तो परवानगीचा.

नेकचंदची मूर्ती जवळून पाहिली की तिच्यातलं रस्त्याचं काम लगेच ध्यानात येतं. आधी सांगाडा. जुनी सळई, पाइपचा तुकडा, सायकलची फ्रेम वाकवून, बांधून केलेला. त्यावर सिमेंट-वाळूचा जाड थर. तो ओला असतानाच बाहेरचं कातडं चढतं. एखाद्या बाईच्या अंगावर कमरेपासून पावलांपर्यंत बांगड्यांचे तुकडे ओळीने बसवलेले असतात. हिरव्या काचेची रांग, मग लाल, मग पुन्हा हिरवी. काच मुळातच गोलाईची, त्यामुळे घागऱ्याची वळणं आपोआप तयार होतात. शेजारच्या पुरुषाचा अंगरखा कपबश्यांचा. एका ठिकाणी बशीच्या काठावरची निळी रेघ दिसते, दुसरीकडे कपाचा कान तसाच बाहेर आलेला. चेहरा मात्र बहुधा नुसत्या सिमेंटचा, गुळगुळीत घोटलेला, डोळ्यांच्या जागी दोन खापऱ्या किंवा कवड्या. नाकाडोळ्यांत फार कारागिरी नाही. एकटी मूर्ती पाहिली तर ती भाबडी वाटेल. तशा शंभर मूर्ती उताराच्या पायऱ्यांवर ओळीने उभ्या केल्या की सगळेच डोळे आपल्यावर रोखलेले दिसतात. रस्त्याचं काम करणाऱ्याला एक नमुना ठरवून तो मैलोन्‌मैल पुन्हा पुन्हा करायची सवय असते. नेकचंदनी तीच सवय मूर्तिकामाला लावली.

त्यांच्या वेचण्याला कसलाही विधिनिषेध नव्हता. न्हाव्यांच्या दुकानांतले कापलेले केस, जुने कपडे, शिंप्यांकडच्या चिंध्या, बाटल्यांची झाकणं, जळून गेलेल्या ट्यूबलाइट, ओतकामातली मळी. चिंध्यांच्या माणूसउंचीच्या बाहुल्या झाल्या. विजेच्या कामातल्या चिनी मातीच्या सामानाने अख्ख्या भिंती मढवल्या. डांबराची पिंपं एकावर एक रचून तटबंदी केली. वाटा मुद्दाम अरुंद, वळणाच्या आणि दारं ठेंगणी. देवांच्या राज्यात शिरताना माणसाने वाकूनच यावं, असा त्यामागचा हिशेब. काटकोनात आखलेल्या, दुरून दुसरं टोक दिसणाऱ्या शहराशेजारी हे पुढचं वळण न दाखवणारे बोळ तयार होत होते.

बिंग फुटलं ते १९७० च्या दशकात. १९७५ पर्यंत सरकारदरबारी बभ्रा झाला होता आणि तोवर हे राज्य सुमारे बारा एकरांवर पसरलं होतं. कागदोपत्री प्रकरण साधं होतं. राखीव जंगलात अतिक्रमण, तेही खात्याच्याच कर्मचाऱ्याचं, आणि वापरलेला माल कुठून आला याची नोंद नाही. नोकरी जाणं आणि सगळं जमीनदोस्त होणं, हाच नेहमीचा निकाल. इथे मोहिंदरसिंग रंधावा यांचं नाव घ्यावं लागतं. रंधावा आयसीएस अधिकारी, वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक, पहाडी लघुचित्रांचे जाणकार. चंदीगढच्या रस्त्यांवर कोणती झाडं लावायची हे ठरवण्यात त्यांचा मोठा हात होता, आणि पुढे ते शहराचे मुख्य आयुक्तही झाले. नियमाचं पुस्तक त्यांना पाठ होतं आणि चित्र कशाला म्हणतात हेही कळत होतं. त्यांनी जागा पाहिली आणि ती वाचवण्याच्या बाजूने आपलं वजन टाकलं. लोकमतही वळलं. १९७६ मध्ये ही जागा ‘रॉक गार्डन’ या नावाने लोकांसाठी खुली झाली. नेकचंदना त्याच बागेसाठी उपविभागीय अभियंता हे पद, पगार आणि हाताखाली पन्नास मजूर मिळाले.

अतिक्रमण करणाऱ्यालाच त्या अतिक्रमणाचा अधिकारी नेमण्याचं असं दुसरं उदाहरण सरकारी इतिहासात शोधावं लागेल.

मजूर आले तसं कामाचं स्वरूप पालटलं. एकट्याने टायरच्या उजेडात केलेल्या पहिल्या भागात सगळं माणसाच्या हाताच्या मापाचं आहे. पुढच्या टप्प्यांत दऱ्या, धबधबे, पूल, उंच कमानी, झोपाळे आणि खुला रंगमंच आला. कचरा आता लपूनछपून आणायचा नव्हता. शहरात तो गोळा करण्याची केंद्रंच सुरू झाली. एक तुलना इथे बोलकी आहे. कॉर्बुझिएचं लाडकं शिल्प म्हणजे ‘उघडा हात’. त्याच्या हयातीत ते उभं राहिलं नाही. तो १९६५ मध्ये गेला आणि हात उभा राहिला १९८५ मध्ये. जगद्विख्यात वास्तुविशारदाचं एक शिल्प त्याच्या मृत्यूनंतरही वीस वर्षं रखडलं. त्याच काळात पलीकडच्या घळीत, निविदा नाही की नकाशा नाही, मूर्तींची संख्या हजारांच्या घरात गेली.

मानसन्मान भराभर आले. १९८० मध्ये पॅरिसने पदक दिलं, १९८३ मध्ये टपाल खात्याने रॉक गार्डनचं तिकीट काढलं, १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८० च्या दशकातच वॉशिंग्टनच्या मुलांच्या संग्रहालयासाठी त्यांनी एक ‘फँटसी गार्डन’ घडवलं. समीक्षकांनी त्यांना ‘आउटसायडर आर्ट’च्या कप्प्यात बसवलं. रॉजर कार्डिनल या इंग्रज अभ्यासकाने १९७२ मध्ये रूढ केलेली ही संज्ञा, कलाशिक्षण न घेतलेल्या आणि कलाबाजाराबाहेर राहिलेल्या कलावंतांसाठी. नेकचंदच्या बाबतीत ती अर्धीच लागू पडते. कलेच्या जगाबाहेर ते होतेच, पण ज्या यंत्रणेने शहर बांधलं तिच्या ते पुरते आत होते. बाहेरच्या माणसाला इतका राडारोडा मिळालाच नसता.

त्याच दशकांत मुंबईतही भंगारातून शिल्पं घडत होती, पण वाट अगदी वेगळी. फोर्टमधल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवरच्या भव्य दगडी आकृती ज्यांच्या हातच्या, ते शिल्पकार नारायण गणेश पानसरे. त्यांच्याकडे शिकलेले दोन पारशी कलावंत पुढे दगड-लाकडावरून लोखंडाकडे वळले. आदी दाविएरवाला मूळचे औषधनिर्माणशास्त्रातले, पिलू पोचखानवाला जाहिरातीच्या क्षेत्रातून आलेल्या. यंत्रांचे टाकाऊ भाग वेल्डिंगने जोडून त्यांनी अमूर्त आकार केले. हाजी अलीच्या चौकासाठीचं ‘स्पार्क’ पिलूबाईंचं. त्यांच्या हाताशी गॅलऱ्या होत्या, समीक्षक होते, प्रदर्शनांची परदेशी निमंत्रणं होती. त्यांच्या शिल्पात भंगार आलं ते धातूच्या, आकाराच्या ओढीने, आणि त्या आकाराला राजा म्हणायचं की राणी, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. घळीतल्या माणसाला गोष्ट सांगायची होती, म्हणून त्याला चेहरे लागले.

सरकारने बाग स्वीकारली खरी, पण जागेचा वाद मिटला नाही. शेजारी उच्च न्यायालय, सचिवालय, म्हणजे गाड्या आणि त्यांच्यासाठी रस्ते. १९९० च्या सुमाराला बागेच्या कडेने रस्ता काढायला बुलडोझर आले, तेव्हा चंदीगढकरांनी साखळी करून ते अडवले. १९९६ मध्ये नेकचंद परदेश दौऱ्यावर असताना बागेचा निधी आटला, माणसं काढून घेतली गेली आणि समाजकंटकांनी मूर्तींची मोडतोड केली. त्यानंतर देखभालीसाठी एक सोसायटी पुढे आली आणि परदेशातल्या चाहत्यांनी नेकचंद फाउंडेशन काढून तिथे काम करायला स्वयंसेवक पाठवले. म्हातारपणीही नेकचंद बागेतल्या आपल्या छोट्या कचेरीत येऊन बसत. १२ जून २०१५ रोजी, नव्वदीत, ते गेले. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, कॉर्बुझिएचं विधानभवन, सचिवालय आणि उच्च न्यायालयाचं कॅपिटॉल संकुल युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. शेजारची बाग त्या यादीत नाही. २०२५ च्या सुरुवातीला उच्च न्यायालयाच्या बाजूच्या रस्त्याचं रुंदीकरण आणि वाहनतळ यांसाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडला गेला. नागरिक निषेधाला जमले, पण भिंत तोवर पडली होती. तिचाही राडारोडाच झाला.

वॉशिंग्टनच्या बागेचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. ते संग्रहालय २००४ मध्ये जागेवरून हललं आणि मूर्तींना घर शोधावं लागलं. बऱ्याच मूर्ती विस्कॉन्सिन राज्यातल्या शेबॉयगन गावी, जॉन मायकेल कोहलर आर्ट्स सेंटरकडे गेल्या. नळ, बेसिनं आणि संडासाची भांडी बनवणाऱ्या कोहलर कंपनीचं मूळ ज्या घराण्यात, त्याच घराण्यातल्या पूर्वजाचं नाव या संस्थेला आहे. फुटक्या संडासाच्या भांड्यांतून आयुष्यभर माणसं घडवणाऱ्याला हे कळलं असेल तर तो मनमुराद हसला असणार.

तिथल्या मूर्ती छपराखाली आहेत, त्यांची निगा राखणारे तज्ज्ञ आहेत. चंदीगढच्या मूर्ती पावसात आणि पंजाबच्या उन्हाळ्यात उभ्या. सिमेंटला बारीक भेग पडली की पाणी आत जातं, सळई गंजते, गंजून फुगते आणि गिलावा फोडून बाहेर येते. बांगड्यांची रांग सुटून खाली पडते. दुरुस्ती नेकचंदच्याच पद्धतीची. सैल झालेलं खरवडायचं, सळई घासायची, नवा माल थापायचा आणि तो ओला असतानाच तुकडे बसवायचे. अडचण तुकड्यांची. चिनी मातीच्या फ्यूजची जागा आता एमसीबीने घेतली, कपबश्यांवरच्या जुन्या नक्ष्या बाजारातून गेल्या, काचेच्या बांगड्यांशेजारी प्लॅस्टिकच्या आल्या. म्हणून जुन्या घागऱ्याला ठिगळ लावायचं तर आजच्या चंदीगढने काय फेकलंय, ते पाहूनच लावावं लागतं.